देवालयाचा पाया, जांभा आणि पाणी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



कोकणातील पुष्कळ देवालये जांभ्या दगडाची आहेत. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हवेवर वाळला की घट्ट होतो. मात्र अंगाने तो सच्छिद्र. तांब्याभर पाणी ओतले तर आत जिरते.

असा दगड सरळ भार चांगला पेलतो. भार फारच वाढला तर आतील छिद्रे चेपतात व दगड हळूहळू दबतो. खरा धोका सरकवणाऱ्या जोराचा. पत्त्यांचा गठ्ठा वरून लोटला की पाने एकमेकांवरून घसरतात, तसा हा जोर. दगडात प्रथम बारीक तडे जातात, ते एकमेकांस मिळतात आणि तिरकी भेग पडून एक भाग दुसऱ्यावरून सरकतो.

याला अडवतात दोन गोष्टी : कणांचा चिकटपणा आणि त्यांचे घर्षण. फ्रेंच अभियंता कूलोम यांनी १७७३ साली हे मांडले. पुढे १९२० च्या दशकात कार्ल तेर्झागी यांनी पाण्याचे कार्य उलगडले. छिद्रे पाण्याने भरली आणि पाण्यास वाट मिळाली नाही, तर भाराचा काही वाटा पाणीच उचलते. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, पकड सैल होते. डोंगर तोच, भार तोच. पण बळ उणे होते.

जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट चिकण माती असते. वरून झिरपलेले पाणी तेथे अडते. त्यातच उताराचा पायथा खणला तर आधारही जातो.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. तेथे जांभा नव्हता, काळ्या दगडाची झिजलेली माती होती. पण मुसळधार पावसाचे पाणी आत मुरले आणि पकड सुटली.

म्हणून उतारावरील देवालयाच्या मागे पक्के गटार हवे, तटाच्या भिंतीत पाणी निघण्यास भोके हवीत, आणि पायथ्याची माती कोणी काढू नये. पावसाळ्यापूर्वी गटार उपसावे. वरच्या अंगास नवी भेग दिसली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घरे सोडून तहसील कचेरीस कळवावे.

कळसासाठी दिलेले दान दुरून दिसते. गटारासाठी दिलेले कोणास दिसत नाही. पण कळस उभा राहतो तो त्याच्याच आधारावर.