रक्तातील कर्करोगाचा डीएनए आणि विजेची चाचणी

पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. कर्करोगाच्या गाठीतील पेशींचेही तसेच होते आणि त्या तुकड्यांवर गाठीतील जनुकीय बिघाडाची खूण असते. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत ‘के-रास’ या जनुकात बदल आढळतो. तो बहुधा डीएनएच्या एकाच अक्षराचा असतो. असा बदल विजेच्या साहाय्याने हुडकणारे साधन म्हणजे विद्युत-रासायनिक जैवसंवेदक.

डीएनए विद्युत-रासायनिक क्रियेत भाग घेतो, हे ब्रनो येथील चेक शास्त्रज्ञ एमिल पालेचेक यांनी १९६० च्या सुमारास दाखवले. आजच्या संवेदकात बहुधा सोन्याचा इलेक्ट्रोड असतो. हव्या त्या जनुकाला पूरक असा डीएनएचा एकेरी धागा प्रयोगशाळेत तयार करून त्याच्या टोकाला गंधक जोडतात. गंधक सोन्याला घट्ट धरते, त्यामुळे धागा पृष्ठभागावर रोवला जातो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील गटाने २००३ मध्ये एक सुटसुटीत रचना मांडली. तीत धागा केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो आणि त्याच्या मोकळ्या टोकाला फेरोसीन हे लोहयुक्त संयुग लावलेले असते. फेरोसीन सोन्याजवळ असेपर्यंत इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण सहज होते आणि प्रवाह नोंदला जातो. पूरक डीएनए येऊन जुळला की धागा ताठ होतो, फेरोसीन दूर जाते आणि प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच शोध लागल्याची खूण.

प्रत्यक्षात काही अडचणी येतात. एका अक्षराचा फरक असलेला निरोगी डीएनएही धाग्याला काही प्रमाणात चिकटतो. म्हणून तापमान आणि द्रावणातील क्षार असे राखतात, की सदोष जोडी सुटावी आणि अचूक जोडी टिकावी. दुसरी अडचण प्रमाणाची. आजाराच्या सुरुवातीला रक्तातील मोकळ्या डीएनएमध्ये गाठीचा वाटा हजारात एकाहूनही कमी असू शकतो. त्यामुळे अनेकदा पीसीआर या तंत्राने आधी डीएनएच्या प्रती वाढवाव्या लागतात. शिवाय रक्तातील प्रथिने इलेक्ट्रोडवर साचून मापन बिघडवतात.

साखर मोजणारा ग्लुकोमीटरही विद्युत-रासायनिकच. लहान आणि स्वस्त उपकरण, हाच या पद्धतीचा लाभ आहे. डीएनएचे संवेदक मात्र अजून प्रामुख्याने संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. गाठ कर्करोगाची आहे का, याचा निर्णय सहसा बायोप्सीवरच होतो.