बालमनाला आलेले निमंत्रण आणि घराचे उत्तर



लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक दृष्टान्तकथा आहे. एका गृहस्थाने मोठी मेजवानी योजली आणि अनेकांना निमंत्रणे धाडली. पंगतीची वेळ झाली तेव्हा कोणी शेत विकत घेतल्याची, कोणी बैलजोड्या घेतल्याची, तर कोणी नुकतेच लग्न झाल्याची सबब पुढे केली. मग यजमानाने गावातील दरिद्री, पंगू आणि अंध माणसांना बोलावून आणले. तरीही जागा उरली, तेव्हा वाटेवरच्या लोकांनाही आणावयास सांगितले. ख्रिस्ती परंपरेच्या मते हा यजमान म्हणजे परमेश्वर, ही मेजवानी म्हणजे त्याचे राज्य आणि ते निमंत्रण म्हणजे तारणाचे निमंत्रण होय.

जगभरातील रविवारच्या शाळांतून ही कथा लहान मुलांना सांगितली जाते. अनेक इव्हँजेलिकल पंथांत कथा संपल्यावर शिक्षक थांबत नाही. तो बालकाला विचारतो, ‘हे निमंत्रण तुझ्याही नावाने आले आहे, तू काय उत्तर देणार?’ हा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारला जातो. तो का विचारला जातो, कोणत्या पद्धतीने विचारला जातो आणि हिंदू घरातील मुलासमोर तो येतो तेव्हा त्या घराजवळ काय उत्तर असते, याचा शांतपणे विचार करणे हे प्रत्येक जागरूक पालकाचे कर्तव्य आहे.

ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचे म्हणणे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. ख्रिस्ती विचारानुसार मनुष्य पापाच्या अवस्थेत आहे, स्वतःच्या पुण्याईने तो त्यातून सुटू शकत नाही, येशूने क्रुसावर मरण पत्करून त्याचे प्रायश्चित्त केले आणि जो विश्वासाने हे दान स्वीकारतो त्याला तारण लाभते. बालकांना हे शिकविताना तीन पायऱ्या सांगितल्या जातात : पाप कबूल करणे, येशूवर विश्वास ठेवणे आणि त्याचा स्वीकार करणे.

मात्र बालकाने हा निर्णय केव्हा घ्यावा, याविषयी ख्रिस्ती जगातच एकमत नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत तान्ह्या बाळाचाच बाप्तिस्मा होतो. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम कम्युनियनचे वय साधारण सात वर्षे मानावे असा आदेश काढला, कारण त्या वयात विवेक जागा होतो असे त्यांचे प्रतिपादन होते. बॅप्टिस्ट मंडळींना बालबाप्तिस्मा मान्य नाही. प्रत्येकाने समजून-उमजून विश्वास प्रकट करावा, असा त्यांचा आग्रह असतो. मग समज कोणत्या वयात येते? बायबलमध्ये त्याचा आकडा नाही, म्हणून ‘उत्तरदायित्वाचे वय’ हा वादाचाच विषय राहिला आहे. होरेस बुशनेल या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८४७ साली ख्रिस्ती संगोपनावर ग्रंथ लिहून वेगळाच विचार मांडला. एखाद्या उत्कट क्षणी होणाऱ्या परिवर्तनाची वाट पाहू नये. घराच्या वातावरणातून, आईवडिलांच्या वर्तनातून धर्म मुलात सहज उतरला पाहिजे, असे त्याचे मत होते. हा विचार हिंदू माणसाला मुळीच परका वाटणार नाही, कारण त्यालाच तो संस्कार म्हणत आला आहे.

आता पद्धतीकडे वळू. इंग्लंडमधील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाचा वृत्तपत्राचा मालक होता. कारखान्यांत आठवड्याचे सहा दिवस राबणारी मुले रविवारी रस्त्यावर उनाडक्या करताना त्याने पाहिली. १७८० साली त्याने त्यांच्यासाठी रविवारची शाळा काढली. तेथे अक्षरओळखही झाली आणि बायबलचे वाचनही झाले. ही कल्पना काही दशकांत इंग्लंडभर आणि पुढे जगभर पसरली. १८६६ साली लंडनचे प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी शब्दच नसलेल्या एका पुस्तकावर प्रवचन दिले. त्यात तीनच पाने होती : काळे पान पापाचे, लाल पान रक्ताचे, पांढरे पान शुद्धतेचे. १८७५ साली ड्वाइट मूडी यांनी त्यात स्वर्गाचे सोनेरी पान जोडले, पुढे वाढीचे हिरवे पानही आले. वाचता न येणाऱ्या बालकाला चार-पाच रंगांत संपूर्ण धर्मसिद्धान्त सांगण्याचे हे साधन आजही वापरात आहे. १९३७ साली जेसी ओव्हरहोल्ट्झर यांनी अमेरिकेत ‘चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप’ ही संस्था केवळ बालकांमधील प्रचारासाठी स्थापन केली. २००९ साली लुईस बुश यांनी ‘फोर-फोर्टीन विंडो’ या कल्पनेचा पुरस्कार केला. चार ते चौदा या वयोगटाकडे चर्चने आपले सर्वाधिक लक्ष वळवावे, हा तिचा आशय.

या इतिहासाकडे केवळ संशयाने पाहून चालणार नाही. त्यात चिकाटी आहे, नियमितता आहे आणि बालमनाचा अभ्यास आहे. दर रविवारी ठरलेल्या वेळी, वेतनाची अपेक्षा न धरता, गोष्ट, गाणे आणि चित्र घेऊन मुलांसमोर उभे राहणारे हजारो शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या निर्माण होतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातील मूल रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. त्या कुटुंबाचा हा निर्विवाद अधिकार आहे आणि त्यांच्या निष्ठेबद्दल कोणाही हिंदूच्या मनात आदरच असावयास हवा. आपल्या मुलाला आपला धर्म शिकविणे हे मातापित्यांचे कर्तव्यच होय.

प्रश्न उपस्थित होतो तो दुसऱ्याच्या मुलाविषयी. वयाच्या आठव्या वर्षी बालकाचे मन ओल्या मातीसारखे असते. जो प्रेमाने बोलतो त्याचे सारे त्याला खरे वाटते. ‘तू पापी आहेस’ हे वाक्य तो तत्त्वज्ञान म्हणून ऐकत नाही, स्वतःविषयीचा निवाडा म्हणून ऐकतो. ‘ज्यांनी स्वीकार केला नाही त्यांचे तारण नाही’ हे ऐकल्यावर त्याला प्रथम आठवते ती घरी देवासमोर निरांजन लावणारी आजी. तिचे काय होणार, ही धास्ती तो मनात घेऊन घरी येतो आणि बहुधा कोणाजवळ बोलत नाही. निमंत्रण म्हटले की ते नाकारण्याचे स्वातंत्र्यही त्यात गृहीत धरलेले असते. ज्याला नकाराचा अर्थच कळत नाही, त्याच्या होकाराला संमती कशी म्हणावयाची? जो मुलगा कायद्याने स्वतःच्या नावचे घर विकू शकत नाही, तो आईवडिलांच्या अपरोक्ष आपला धर्म कसा ठरवील?

कायद्याची दृष्टीही येथे स्पष्ट आहे. भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचा प्रचार करण्याच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानेही बालकाला धर्माच्या बाबतीत मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा अधिकार मान्य केला आहे. अमेरिकेतही २००१ साली मिलफर्ड येथील शाळेचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा सहा विरुद्ध तीन मतांनी बायबलवर्गाला शाळेच्या इमारतीत जागा देण्याचा निर्णय झाला खरा. परंतु ते वर्ग शाळा सुटल्यावर भरत होते आणि पालकांच्या परवानगीनेच मुले तेथे येत होती, या गोष्टी न्यायालयाने विचारात घेतल्या. ख्रिस्तीबहुल देशातही पालकाची अनुमती महत्त्वाची मानली जाते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

परंतु केवळ कायद्याच्या भरवशावर मुले राखता येत नाहीत. महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी गिरविला आहे. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षे, मिशनऱ्यांकडेच राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. कायद्याचे काम तेथे संपले. मुलगा घरी आला, पण समाजाचे दार बंद होते! मिशनऱ्यांच्या घरी राहिलेला मुलगा बाटला, तो पुन्हा हिंदू कसा होणार, असा प्रश्न सनातनी मंडळींनी उभा केला. तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. प्रायश्चित्त देऊन श्रीपतला स्वधर्मात सामावून घ्यावे, यासाठी त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली आणि स्वजनांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत त्यांनी उभारली.

या घटनेतून काय शिकावयाचे? मुलगा परत आणण्याची लढाई वडिलांनी जिंकली होती. त्याला सामावून घेण्याची लढाई मात्र बाळशास्त्रींना आपल्याच माणसांशी लढावी लागली. बारा वर्षांच्या कोवळ्या पोराने कोणता अपराध केला होता? जो समाज आपल्या मुलाच्या मनातील शंकेला उत्तर देत नाही आणि तो भांबावून दूर गेल्यावर त्यालाच दोषी ठरवितो, त्याने दुसऱ्याच्या निमंत्रणाविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आजच्या मध्यमवर्गीय घराकडे पाहा. आईवडील दोघेही नोकरी करतात. मुलाची शाळा, शिकवणी, चित्रकला, पोहणे यांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. धर्माच्या शिक्षणाचा तास मात्र त्यात कोठेच नसतो. आजोबा वारतात. मुलगा विचारतो, ‘आजोबा आता कुठे गेले?’ त्याला उत्तर मिळते, ‘मोठा झालास की कळेल.’ तो विचारतो, ‘मी खोटे बोललो तर देव रागावतो का?’ त्याला उत्तर मिळते, ‘अभ्यास कर.’ मृत्यू, पाप, भय आणि क्षमा या चार विषयांवरचे प्रश्न प्रत्येक बालकाला पडतात. ज्या घरी त्यांची उत्तरे मिळत नाहीत, त्या घरचे मूल ती बाहेर शोधते. रविवारच्या शाळेतील शिक्षकाजवळ या चारही प्रश्नांची तयार, सोपी आणि प्रेमाने सांगितलेली उत्तरे असतात, हे त्याचे सामर्थ्य आहे.

हिंदू परंपरेजवळ उत्तरे नाहीत काय? उपनिषदांनी मनुष्याला अमृताचे पुत्र म्हणून संबोधिले आणि स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेत त्याच संबोधनाचा उच्चार करून मनुष्याला पापी म्हणणे हेच पाप आहे, असे ठणकावून सांगितले. चूक झाली तर तिचे फळ भोगावे लागते, पण सुधारणेचे दार कधीच बंद होत नाही, हे वाल्याचा वाल्मीकी झाला या एका कथेतून पाच वर्षांच्या मुलालाही कळते. मृत्यूचे कोडे सोडविण्यासाठी थेट यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसून राहिलेला नचिकेता हा बालकच होता आणि त्या प्रश्नावर यमाने त्याला ‘मोठा झालास की कळेल’ असे सांगून परत पाठविले नाही. निर्भय भक्तीचा आदर्श असलेला प्रल्हादही बालकच होता. ज्या धर्माचे कठीणातले कठीण प्रश्न बालकांनी विचारले, त्याच धर्माच्या घरात आज बालकाचा प्रश्न अनुत्तरित राहावा, याहून मोठी विसंगती कोणती?

उपाय अवघड नाही. दिवेलागणीला शुभंकरोती, रामरक्षा, मनाचे श्लोक हे पाठांतर पुन्हा सुरू व्हावे, पण तेवढ्यावर थांबू नये, अर्थही सांगावा. आठवड्यातून एक तास कुटुंबाने एकत्र बसावे, दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवावेत आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. ज्याचे उत्तर येत नाही ते शोधून पुढच्या आठवड्यात सांगावे. वस्तीतील बालसंस्कार केंद्र केवळ शहरी सोसायटीत न चालता झोपडपट्टीत, पाड्यावर आणि आश्रमशाळेतही नियमित चालावे. कारण जेथे गरिबी आणि आजार आहे तेथे निमंत्रणाबरोबर औषध आणि वहीपुस्तकही पोहोचते. तेथे केवळ निषेधाचे पत्रक नेऊन भागणार नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे शनिवार-रविवारी दूरदूरवरून गाडी चालवीत मुलांना बालगोकुलम् वा बालविहाराच्या वर्गाला नेतात. परक्या भूमीवर त्यांना जे सुचते ते पुण्या-नागपुरात सुचू नये काय?

आणखी एक पथ्य. मुलाला येशूविषयी द्वेष शिकवू नये. शेजारच्या ख्रिस्ती मित्राच्या घरी नाताळचा फराळ खाऊन आलेल्या मुलाला रागावण्याचे काही कारण नाही. त्याने तेथे ऐकलेली गोष्ट घरी सांगितली तर ती पूर्ण ऐकावी आणि मग आपली गोष्ट सांगावी. ज्या मुलाला आपल्या घराची ओळख पटलेली असते, ते दुसऱ्याच्या घरी आनंदाने पाहुणे म्हणून जाते आणि तितक्याच आनंदाने परत येते.

निमंत्रणे येतच राहणार. ती पाठविणारे निष्ठावान आहेत, चिकाटीचे आहेत आणि उद्या थकणारे नाहीत. त्या निमंत्रणाचे उत्तर न्यायालयात किंवा मोर्चात पूर्णपणे देता येणार नाही. ते संध्याकाळी सात वाजता, देवघरासमोर, मुलाच्या शेजारी मांडी घालून बसणाऱ्या आईवडिलांनीच द्यावयाचे आहे.