अखेरच्या वाटेचा प्रश्न
(कुंभकोणम येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

शहराच्या वेशीवर सार्वजनिक स्मशानभूमी उभारणे ही वरवर पाहता नगरकारभारातील एक किरकोळ बाब वाटेल. जमीन पाहावी, कुंपण घालावे, निवारा बांधावा, की काम संपले! परंतु कावेरीच्या खोऱ्यात हा प्रश्न जमिनीच्या मालकीशी आणि जातिव्यवस्थेशी अतूटपणे जोडलेला आहे.

कुंभकोणमला २०२१ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. शहर वाढते तेव्हा केवळ घरे वाढत नाहीत. भोवतालची खेडी त्याच्या कक्षेत येतात आणि त्यांच्याबरोबर जातवार विभागलेली स्मशानेही येतात. तमिळनाडूतील कित्येक गावांत दलितांची दफनभूमी वेगळी आहे आणि तिकडे जाणारी वाट इतरांच्या शेतांतून जाते. पीक उभे असले की तिरडी खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो. ज्याने आयुष्यभर त्या शेतात भातलावणी केली, त्यालाच मेल्यावर त्या बांधावरून जाण्याची मुभा नाही!

ही अतिशयोक्ती नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये मयिलाडुतुरैजवळच्या तिरुनाळकोंडचेरी येथे एका वृद्ध दलिताची अंत्ययात्रा सार्वजनिक रस्त्याने नेऊ द्यावी, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिला होता. तरीही पोलिसांनी प्रेत ताब्यात घेऊन दुसऱ्या वाटेने नेले आणि पुरले. ऑगस्ट २०१९ मध्ये वाणियंबाडीजवळच्या नारायणपुरम येथे वाट अडवली गेल्यामुळे एका दलिताचे प्रेत पुलावरून दोरांनी पालार नदीच्या पात्रात उतरवावे लागले. दोन्ही ठिकाणी अंत्यसंस्काराला जागा होती. तिथवर सन्मानाने पोहोचण्याचा हक्क मात्र नाकारला गेला.

मृतांसाठी जागा उपलब्ध करून देणे हे कोणा दानशूर धनिकाचे किंवा ज्ञातिसंस्थेचे काम नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी, दहनभूमी आणि विद्युत दाहिन्या यांचा नगरसंस्थांच्या कामांत स्पष्ट उल्लेख आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही सर्व समाजांसाठी एकच सामाईक स्मशानभूमी असावी, अशी शिफारस केली.

मात्र कागदावरचे ‘सार्वजनिक’ आणि प्रत्यक्षातले ‘सार्वजनिक’ यांतील अंतर आम्ही महाराष्ट्रातील लोक चांगले ओळखतो. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये बोले ठराव संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित तळ्यावर चालून गेले, तेव्हाच त्या ठरावाला अर्थ आला. त्या परिषदेच्या संघटकांपैकी एक असलेले रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत आले, हा योगायोग नव्हता. तुमच्या या शहरात दर बारा वर्षांनी महामहम कुंडात लाखो लोक एकत्र उतरतात. एका पाण्यात उतरणाऱ्यांना एका मातीत विसावता का येऊ नये?

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. जागा महानगरपालिकेच्या नावे नोंदलेली असावी. तिथवरचा रस्ता आधी संपादित व्हावा आणि शहराच्या नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवला जावा. प्रवेशद्वार एकच असावे. नोंदवहीत जातीचा रकाना नसावा. पाणी, दिवे आणि निवारा यांची सोय असावी. तेथे राबणाऱ्या कामगारांना कायम नोकरी व पुरेसे वेतन मिळावे आणि ते काम एकाच जातीच्या माथी मारले जाऊ नये.

वेशीवरची जमीन आज मोकळी आहे. उद्या तेथे भूखंड पडतील आणि जमिनीचे भाव चढतील. मग कष्टकऱ्यांच्या प्रेतांना वाट सोडायला कोणीही तयार होणार नाही. दारात प्रेत असताना माणूस भांडू शकत नाही. तो मिळेल त्या वाटेने जातो. त्यामुळे ही लढाई आधीच लढली पाहिजे. शेतमजुरांच्या वस्त्यांत, सफाई कामगारांत आणि विणकरांच्या आळ्यांत ही मागणी घेऊन चला, कॉम्रेड्स, आणि तिच्यावर सर्व जातींच्या कष्टकऱ्यांच्या सह्या गोळा करा.