बेणारेबाईंची साक्ष

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची पायरी चढणाऱ्या नवी मुंबईकरांना विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नव्यानं सांगायला नको. 1967 मध्ये ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं ते रंगमंचावर आणलं. सुलभा देशपांडे नायिका लीला बेणारे झाल्या होत्या.

वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला बेणारेवर उलटतो, हे आपल्या लक्षात राहतं. पण एक साक्ष नीट ऐका. चौदा-पंधरा वर्षांची असताना सख्ख्या मामानं तिला नादी लावलं, लग्नाची वेळ येताच पळ काढला. तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. कोर्टात मात्र हा तिचाच गुन्हा म्हणून सांगितला जातो. मामाला जाब कुणीच विचारत नाही! पुढे ती पुन्हा वयानं मोठ्या, विवाहित दामल्यांवर विश्वास टाकते. तेही तिला सोडतात. लहानपणी झालेला घात माणसाच्या निवडीत कसा उतरतो, हे तेंडुलकरांनी फार नेमकं टिपलंय.

आज बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही. आसपास असं काही दिसलं, तर 1098 या मोफत क्रमांकावर लगेच कळवा.