पोर्तुगीज चर्चपाशी भेटू
(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला कोड लिहायची सवय, भाषणाची नाही. म्हणून थोडक्यात सांगते.

शाळेत असताना आपलं एक ठरलेलं वाक्य होतं, "पोर्तुगीज चर्चपाशी भेटू." क्लासला जायचं असो, वह्या परत द्यायच्या असोत की वडापाव खायचा असो. पण दहावीपर्यंत आपल्यापैकी किती जण त्या फाटकाच्या आत गेले होते? मी तरी नाही. आपल्या लेखी तो दादरमधला एक पत्ता होता, एवढंच.

तिथे १५९६पासून चर्च आहे, त्याचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन', आणि आजची इमारत चार्ल्स कोरियांनी १९७०च्या दशकात उभी केली, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. काही भाग छताखाली, काही उघडे चौक, वरून येणारा उजेड. इतकी मोकळी वास्तू आपण रोज बाहेरून बघत होतो.

माहीमचं चर्च मात्र आपल्याला परकं नव्हतं. तिथे १९४८पासून बुधवारची नोव्हेना चालते. बाबांची नोकरी सुटली तेव्हा माझी आई नऊ बुधवार तिथे गेली होती. मीही बरोबर असायची. मेणाचं घर, मेणाचा हात, मेणाचं बाळ घेऊन सगळ्या धर्मांच्या बायका रांगेत उभ्या असत. कुणी कुणाला काही विचारत नसे.

नववीत आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील गेले. त्यांची मिस्सा पोर्तुगीज चर्चमध्ये होती. आम्ही सात-आठ जणी शाळा सुटल्यावर गणवेशातच गेलो आणि फाटकाबाहेर उभ्या राहिलो. आत गेलेलं चालेल का? चपला काढायच्या का? डोकं झाकायचं का? काहीच माहीत नव्हतं. आम्हाला कुणी अडवलं नाही, आम्हीच अडलो. शवपेटी बाहेर आली, ती गाडीत बसली, आणि आम्ही घरी गेलो.

गेल्या वर्षी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, "तुमच्यासाठी मी एक अख्खा बाक धरून ठेवला होता."

मला काय बोलावं सुचेना. स्वतःसाठी मागायचं होतं तेव्हा चर्च आपलं होतं. तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं तेव्हा ते 'त्यांचं' झालं. एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतं, पण तोही आम्ही विचारला नाही.

आज ती या सभागृहात आहे. तिची परवानगी घेऊनच हे बोलते आहे. उद्या रविवार. सकाळच्या मिस्सेला ती जाणार आहे आणि मीही तिच्याबरोबर जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर या. चपला काढाव्या लागत नाहीत, मी विचारून घेतलंय.

पोर्तुगीज चर्चपाशीच भेटू. फक्त या वेळी फाटकाच्या आत.