कुस्तीचे शौकीन आणि वर्तमानपत्रे

सातारा आणि सांगली हे आज दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी कुस्तीच्या दृष्टीने तो एकच मुलूख मानावा लागतो. १९४९ साली, संस्थानांच्या विलीनीकरणानंतर, सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश आणि जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सरकारी दप्तरात अशी वाटणी झाली. परंतु पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतील मैदान पाहून आलेला मनुष्य कुंडलच्या मैदानालाही तितक्याच अगत्याने जातो, आणि कऱ्हाडचा मल्ल मिरजेच्या तालमीत परका समजला जात नाही.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांना या जगाची ओळख बहुधा वर्तमानपत्रातूनच होते. तेव्हा वर्तमानपत्राने कुस्तीविषयी काय छापावे आणि काय गाळावे, हा प्रश्न केवळ खेड्यातील शौकिनांचा राहत नाही. प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपूर्वी या शौकिनांच्या तोंडून वृत्तपत्रांविषयी आणि दूरचित्रवाणीविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते. ती रागाच्या भरात केलेली असली, तरी तिच्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम हा शौकीन कोण, ते पाहिले पाहिजे. तो बहुधा स्वतः लहानपणी तालमीत उतरलेला असतो. पुढे शेती, नोकरी किंवा दुकान यांत गुंतल्यामुळे त्याची लांग सुटली, पण नजर सुटली नाही. त्याची निष्ठा एखाद्या मल्लापुरती नसते. ती आधी गावाशी असते, मग तालमीशी आणि मग वस्तादाशी. आपल्या तालमीचा गडी चितपट झाला म्हणून तो पुढच्या मैदानाला जावयाचे टाळीत नाही. गड्याचा गुडघा दुखावला होता काय, सरावाला तोलामोलाची जोड मिळाली नव्हती काय, खुराक कमी पडला काय, याची तो चौकशी करतो आणि पुढच्या साली आपली वर्गणी वाढवून देतो. दूध, तूप आणि बदाम यांचा रोजचा खर्च एकट्या शेतकरी कुटुंबाला पेलण्यासारखा नसतो. तो भार बरेचदा गावच उचलते. मल्लाच्या अंगावरील मांसात गावाचाही वाटा आहे, अशी भावना मग सहजच उत्पन्न होते.

अशा माणसाला अंतिम लढतीपूर्वीच्या दिवसांत काय जाणून घ्यावयाचे असते? दोन मल्लांपैकी पट काढण्यात वेगवान कोण, ढाक किंवा कलाजंग मारण्याचे धाडस कोण करील, खाली गेल्यावर घिस्सा चुकविण्याची युक्ती कोणाजवळ आहे, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत दम कोणाचा टिकेल, हे त्याचे प्रश्न असतात. वर्तमानपत्र उघडावे तो त्यात मल्लांची उंची आणि वजन असते, बक्षिसाच्या मोटारीचे चित्र असते, आणि गदा कोणत्या पुढाऱ्याच्या हस्ते दिली जाणार ती नावे असतात. डावपेचांविषयी चार ओळी सापडल्या तर सापडल्या. शेजारच्या पानावर क्रिकेटच्या सामन्याची खेळपट्टी, हवामान आणि प्रत्येक गोलंदाजाची पूर्वपीठिका यांची सांगोपांग चर्चा वाचून त्याला विषाद वाटतो, यात नवल ते कोणते?

या विषादाला एक जुनी आठवण कारण आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तोपर्यंत मातीतच घडलेल्या या मल्लाने गादीवरील पहिल्याच जागतिक परीक्षेत एवढी मजल मारली होती. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न कौशल्याचा नव्हता, पैशाचा होता. गोळेश्वर आणि भोवतालच्या गावांनी वर्गणी गोळा केली. परंतु ती पुरेना. अखेर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शौकिनाची निष्ठा म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना नमविले. सोव्हिएत रशियाचा रशीद मामेदबेकोव्ह आणि जपानचा शोहाची इशी या दोघांकडून ते पराभूत झाले. इशीने सुवर्ण, मामेदबेकोव्हने रौप्य आणि खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि ती मागून घेण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे पुढे अनेकदा सांगण्यात आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याची तारीख होती २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारतीय हॉकी संघाने हॉलंडचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. त्या सहांपैकी पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे होते. देशभर जयघोष झाला तो हॉकीचा, आणि तो योग्यही होता. मात्र त्या जयघोषात कऱ्हाडच्या मल्लाचे कांस्यपदक झाकोळून गेले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव मांगवे फेदरवेट गटात चौथे आले होते; त्यांचे नाव तर आज कित्येकांच्या कानांवरही नसते.

त्या वेळी आकाशवाणीचे पुणे केंद्रही सुरू झालेले नव्हते. ते १९५३ साली निघाले. सांगलीचे केंद्र तर १९६३ साली उघडले. तेव्हा गोळेश्वरच्या माणसांना आपल्या गड्याची वार्ता घरबसल्या ऐकण्याची सोय नव्हती. तरीही खाशाबा परत आले, तेव्हा शंभरावर बैलगाड्या जोडून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. राजधानीने जे केले नाही, ते बैलगाड्यांनी केले, असे या भागात आजही अभिमानाने सांगितले जाते. यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, सन २००० चा. दरम्यान १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवीपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले नव्हते. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा बहात्तर वर्षांपूर्वीचे खाशाबांचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले. आता १५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन ठरला आहे. सन्मान उशिरा का होईना, झाला. परंतु ज्याचा व्हावयाचा, तो पाहावयास उरला नाही.

खाशाबांची कथा अपवाद म्हणून सोडून द्यावी, तर सांगली जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण समोर येते. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळविले. एकाच जिल्ह्यातील दोन खेड्यांतून एकाच स्पर्धेत चार पदके यावीत, ही सामान्य गोष्ट नव्हे. कुस्तीच्या बाहेर ती किती घरांत ठाऊक आहे, हा प्रश्न श्रोत्यांनी आपापल्या घरी विचारून पाहण्यासारखा आहे.

येथवर शौकिनांची बाजू झाली. परंतु अलीकडच्या रागाला आणखी एक कारण आहे, आणि ते खेळाच्या बदललेल्या स्वरूपात आहे. मातीतील निकाली कुस्तीत पंचाचे काम मर्यादित असे. हलगी कडाडते, दोघे सलामी देतात, खडाखडी होते, आणि केव्हातरी एकाची पाठ मातीला लागते. हौद्याभोवती बसलेल्या हजारो माणसांना निकाल एकाच क्षणी दिसतो. गादीवरील कुस्ती तशी नाही. तेथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटल्यास एक गुण, खाली घेतल्यास दोन, मोठ्या फेकीला चार किंवा पाच. दहा गुणांचे अंतर पडले की कुस्ती संपते, आणि गुण समान झाले तर कोणाचा डाव मोठा होता, ताकीद कोणास मिळाली आणि शेवटचा गुण कोणी घेतला, यावरून विजय ठरतो. हे नियम शहाणपणाचे आहेत. जगाशी टक्कर द्यावयाची तर ते शिकलेच पाहिजेत. परंतु लांबवर बसलेल्या प्रेक्षकाला ते नुसत्या डोळ्यांनी समजत नाहीत. कोणी तरी समजावून सांगावे लागते, आणि हे काम वार्ताहराचे आहे. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तर माती आणि गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते अखेरीस एकमेकांशी भिडतात. म्हणजे ज्या लढतीविषयी सर्वाधिक उत्कंठा, तिचाच निकाल सामान्य शौकिनाला सर्वांत दुर्बोध.

वार्ताहराने हे काम केले नाही, तर काय होते, ते जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या स्पर्धेत दिसले. माती विभागातील सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत एका डावाला चार गुण दिले गेले आणि त्यावरून वादळ उठले. अंतिम लढत त्याच दिवशी होती. तीत शिवराज राक्षे यांनी गायकवाडांना चितपट करून गदा पटकाविली. परंतु कित्येक दिवस चर्चा चालली ती त्या चार गुणांचीच. तो डाव पूर्ण झाला होता काय, नियमात त्याला किती गुण आहेत, हे शांतपणे मांडणारे थोडे. तेच दृश्य पुनःपुन्हा दाखवून चिथावणारे पुष्कळ. पंचांना धमक्या येण्यापर्यंत मजल गेली. विजेत्याच्या वाट्याला त्याच्या हक्काचा दिवसही पुरता आला नाही. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदरने झोळी डावावर काही सेकंदांत अंतिम लढत जिंकली, आणि शंकेला जागाच ठेवली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे तर निकालाने संतापलेल्या मल्लाकडून पंचावरच हात उचलला गेला. दोन मल्लांना तीन वर्षांची बंदी झाली. पृथ्वीराज मोहोळ हे विजेते ठरले, हे सांगणारी बातमी त्या गोंधळाच्या बातमीखाली शोधावी लागली.

येथे दोष एकट्या वर्तमानपत्राचा नाही. भांडणाची बातमी आधी वाचली जाते, हे संपादकाला ठाऊक असते, आणि ती आधी वाचणारा हा शौकीनच असतो. आपला गडी जिंकला की पंच न्यायी, हरला की पंच विकला गेलेला, ही समजूत निष्ठेतून जन्मते खरी, पण ती खेळाच्या मुळावर येते. गावाने खुराक पुरविला म्हणून गावाला निकाल पुरविण्याचा अधिकार मिळत नाही. हरलेल्या मल्लाला पुढच्या वर्षापर्यंत सांभाळणारी निष्ठा ज्या माणसांत आहे, त्यांनी पंचाच्या चुकीकडेही तेवढ्याच धीराने पाहावे, अशी अपेक्षा करणे अनुचित होणार नाही.

या सर्व कोलाहलात एक समाधानाची गोष्टही घडून गेली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटील हिच्यावर मात करून सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिने गदा मिळविली. ज्या तालमींच्या उंबऱ्याआत एके काळी स्त्रियांना पाऊल टाकता येत नसे, त्यांच्याच मुलखात मुलीच्या नावाने शिट्ट्या आणि टाळ्या झाल्या. या बातमीला वर्तमानपत्रांनी ठळक जागा दिली. चांगली कुस्ती झाली, तर तिला वाचक मिळतो, याचा हा पुरावाच म्हणावयाचा.

मग करावयाचे काय? शौकिनांची मागणी अवाजवी नाही. लढतीपूर्वी दोन्ही मल्लांच्या डावपेचांची माहिती द्यावी; लढतीनंतर प्रत्येक गुण कसा मिळाला, ते क्रमाने सांगावे; वाद झाल्यास नियम काय आहे, तो आधी छापावा आणि मते मागाहून. याखेरीज आणखी एक काम आहे, आणि ते गावानेही करण्यासारखे आहे. दरसाल जत्रांच्या मैदानांत शेकडो कुस्त्या होतात. कोणी कोणास कोणत्या डावावर पाडले, हे चार म्हाताऱ्यांच्या तोंडी राहते आणि त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक तालमीत एक वही ठेवली, तिच्यात तारीख, जोड, डाव आणि निकाल लिहिला, आणि त्या वहीतील नोंद जिल्ह्याच्या पत्राने छापली, तर पुढचा खाशाबा हेलसिंकीहून परत येईपर्यंत त्याच्या नावाची वाट पाहावी लागणार नाही. शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला ते लिहिता येईल. आणि तालमीत तशी मुले आज पुष्कळ आहेत.