ऑगस्टीनची उशिरा सापडलेली पत्रे



रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा शहरी, ऑगस्टीन हा बिशप लॅटिन भाषेत ग्रंथरचना करीत होता. आयुष्याच्या अखेरीस, इ. स. 426-427 च्या सुमारास, त्याने आपल्याच 93 ग्रंथांची छाननी केली आणि कोठे काय सुधारावयास हवे ते नोंदवून ठेवले. पत्रे व प्रवचने यांचाही असाच आढावा घेण्याचा त्याचा मानस होता. परंतु 430 मध्ये, व्हँडल सैन्याचा हिप्पोला वेढा पडलेला असताना, त्याचे निधन झाले आणि तो संकल्प अपुरा राहिला.

नेमकी हीच पत्रे व प्रवचने आधुनिक संशोधकांच्या हाती नव्याने आली. ऑस्ट्रियन अभ्यासक योहानेस दिव्याक यांना फ्रान्समधील हस्तलिखितांची सूची करीत असता मार्से येथील पंधराव्या शतकातील एका पोथीत अज्ञात पत्रे आढळली. ती 1981 मध्ये प्रसिद्ध झाली. 1990 मध्ये फ्रांस्वा दोलबो यांनी जर्मनीतील माइन्झच्या ग्रंथालयात 26 प्रवचने ओळखली. त्यांतील काही सर्वस्वी नवी होती, तर काहींचे केवळ तुकडेच पूर्वी ठाऊक होते. 2008 मध्ये एरफुर्टच्या पोथीतील आणखी सहा प्रवचनांची भर पडली.

ऑगस्टीनच्या नावावर इतरांचे पुष्कळ लेखन मध्ययुगात खपले होते. त्यामुळे केवळ नाव पाहून निर्णय करता येत नाही. भाषाशैली, संदर्भ आणि प्राचीन याद्या ताडून पाहाव्या लागतात. त्याचा मित्र व चरित्रकार पॉसिडियस याने केलेली ग्रंथसूची या कामी मोलाची ठरली.

या शोधाने काय साधले? एका पत्राचे उदाहरण पुरेसे आहे. गुलामांचे व्यापारी आफ्रिकेतील स्वतंत्र माणसांना पळवून नेऊन जहाजांत भरीत आहेत, असे ऑगस्टीन आपला मित्र अलिपियस याला कळवितो. हिप्पोच्या भाविकांनी सुमारे 120 जणांची सुटका केली. त्यांत आईबापांनी विकलेले जेमतेम पाचसहाच निघाले. व्यापाऱ्यांच्या पाठीराख्यांचा त्रास चर्चला सोसावा लागत होता. तरीही, कायद्यातील शिसे लावलेल्या चाबकाच्या शिक्षेने अपराधी दगावतील, याचीही चिंता वृद्ध बिशपला वाटते.

पीटर ब्राऊन यांनी 1967 मध्ये लिहिलेल्या चरित्रात उतारवयातील ऑगस्टीन कठोर आणि अधिकारप्रिय दिसतो. 2000 च्या आवृत्तीत त्यांनी मूळ मजकूर तसाच ठेवला. मात्र नवी प्रकरणे जोडून, या साधनांतून दिसणारा ऑगस्टीन आपल्या पूर्वीच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच सौम्य आहे, असे नमूद केले.

याचा अर्थ जुने चित्र खोटे ठरले, असा नव्हे. डोनाटस-पंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या सक्तीचे त्याने केलेले समर्थन त्याच्या लेखनात आजही वाचावयास मिळते. मात्र ग्रंथांत वाद घालणारा माणूस आणि बंदरातील पळवून आणलेल्या मुलांसाठी कायदा शोधणारा माणूस एकच होता, हे आता पुराव्यानिशी सांगता येते. इतिहासातील माणसाविषयीचा निवाडा उपलब्ध कागदांपुरताच असतो. म्हणून तो देताना पुढच्या पोथीसाठी थोडी जागा राखून ठेवणे हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय.